उत्पलामावशीला घर हवं होतं

निहार आणि रेवा,

हे मराठीत लिहिते आहे. तुम्हाला मराठी समजतं, पण वाचायला बसलात की पहिल्या ओळीवरच जांभया येतात, हे मला ठाऊक आहे. तेव्हा बाबांकडून वाचून घ्या. सारंग, वाचताना मधलं काही गाळायचं नाही. जिथे तुझा उल्लेख आहे तिथे तर मुळीच नाही.

आत्ताच का लिहिते, ते आधी सांगते. गेल्या रविवारी निहार फोनवर म्हणाला की ड्रेस्डेनला विद्यापीठात प्रवेश मिळाला, पण राहायला खोली मिळत नाही. पाठवलेल्या मेलना उत्तरंच येत नाहीत. त्याच्या वर्गातल्या योनासने तोच मजकूर, एकही शब्द न बदलता, त्याच घरांना पाठवला, तर त्याला चार ठिकाणी खोली बघायला बोलावलं. मग निहार अर्धं जर्मन, अर्धं मराठी करत हसत म्हणाला, "आजी, मी योनासचं नाव लावून पाठवू का?" मी त्याला खोकला बरा आहे का, असं विचारलं. प्रश्न टाळायचा असला की मी तब्येतीवर जाते, हे तुम्ही दोघंही ओळखून आहात.

फोन ठेवल्यावर मला उत्पलामावशी आठवली, आणि ती काही केल्या मनातून जाईना. कॉलेजात शिकवत होते तेव्हा मी प्रत्येक तासाला मुद्दे काढून न्यायची. तसे तिच्याबद्दलही काढायला बसले. चार ओळी लिहिल्या, पण एकीचा दुसरीशी मेळ बसेना. म्हणून जसं आठवेल तसं लिहिते आहे.

तुम्ही तेव्हा लुडविग्सहाफेनला राहत होता. निहार आठ वर्षांचा, रेवा चार. बाबा तिथल्या रासायनिक कारखान्यात होते आणि मी दर उन्हाळ्यात तीन महिने यायची. उत्पला खोब्रागडे एका संशोधन संस्थेत काम करायची, रंगांच्या आणि लेपांच्या रसायनशास्त्रात. मराठी लोकांच्या एका सहलीत तुमच्या आईची, केतकीची, आणि तिची ओळख झाली आणि मग ती दर शनिवारी आपल्याकडे येऊ लागली. वय असेल अडतीस-एकोणचाळीस. उंच, किडकिडीत, केस मानेवर कापलेले. गंभीर काही बोलली की लगेच नाकातून एक छोटंसं हसायची, जणू आता हे विसरून जा असं सांगते आहे. आणि कुठलंही वाक्य सुरू करताना "आल्झो" म्हणायची, आपल्या "तर मग"सारखं. रेवा, तू तिच्याकडूनच ते उचललंस. बालवाडीतून नव्हे.

समोर मी तिला "तुम्ही" म्हणायची. इथे "ती" लिहिते आहे, कारण तुमची ती मावशी. केतकीच्या बाकीच्या मैत्रिणींना मी पहिल्याच भेटीत "अगं" म्हटलं होतं. उत्पलाला दोन उन्हाळ्यांत एकदाही नाही. तेव्हा मला तो आदर वाटायचा. आता नक्की सांगता येत नाही.

तिचं मराठीही दोन प्रकारचं होतं. माझ्याशी बोलताना स्वच्छ पुण्याचं. नागपूरला आईशी फोनवर बोलताना निराळंच, भराभर आणि खेळकर. मला ते दुसरं जास्त आवडायचं, पण ते माझ्या वाट्याला कधी आलं नाही.

स्वयंपाकघरात आली की ती पातेल्यावर वाकत नसे. झाकण काढून हाताच्या पंजाने वाफ आपल्या नाकाकडे ढकलायची. प्रयोगशाळेत अनोळखी द्रवाचा वास असाच घेतात म्हणे. "काकू, आमटीत आज गोडा मसाला उशिरा पडलाय," असं त्या वाफेवरून सांगायची आणि ते बरोबर असायचं. तुम्ही दोघं आठवडाभर दुधाच्या कपावरही तसाच हात हलवत बसायचात.

तिला घर हवं होतं. ती संस्थेच्या गेस्ट हाउसमध्ये एका खोलीत राहत होती आणि ती खोली पुढच्या सप्टेंबरअखेर सोडावी लागणार होती. पण खरी अडचण खोलीची नव्हती. तिची मुलगी सम्यका नऊ वर्षांची होती आणि नागपूरला आजीकडे राहत होती. नवरा नव्हता. त्याबद्दल ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही. मुलीला आणायचं तर सरकारी कचेरीला दोघींना पुरेल एवढ्या घराचा भाडेकरार दाखवावा लागत होता. करार नाही तर व्हिसा नाही. सम्यका रोज फोनवर आईला कशी आहेस, जेवलीस का, असं काही विचारत नसे. थेट विचारायची, "मिळालं?"

घर शोधण्याची उत्पलाची एक पद्धत होती. पिशवीत एक निळी फाइल, तीत पगाराची पत्रकं, संस्थेचं पत्र, आणि "शूफा" म्हणजे तुम्ही कोणाचे पैसे बुडवलेले नाहीत असा दाखला. शिवाय धुतलेले पायमोजे. घर बघायला गेल्यावर बूट काढावे लागले तर मोज्यांवरून माणसाची परीक्षा होते, असं तिचं म्हणणं होतं. फोनवर नाव सांगायची वेळ आली की सुरू व्हायची. जर्मन लोक अक्षरं नावांनी सांगतात ना, तसं: काउफमान, हाइनरिश, ओटो, बेर्टा, रिशार्ट, आंटोन, गुस्टाव, आंटोन, डोरा, एमिल. फोन ठेवून म्हणायची, "माझं एक आडनाव सांगायला दहा जर्मन माणसं लागतात, काकू."

"नऊच," मी म्हटलं. "आंटोन दोनदा येतो."

त्यावर ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. एकदा हसू ओसरल्यावर म्हणाली, "पुण्यात आडनाव वाचून नाही म्हणायचे. इथे आडनाव वाचता येत नाही म्हणून नाही म्हणतात. प्रगतीच आहे."

पुण्यात ती संशोधनासाठी पाच वर्षं होती. पहिल्या वर्षी एका बाईंची खोली तिला पसंत पडली, बोलणं झालं, सामान कधी आणू विचारण्यापर्यंत आलं. मग बाईंनी नाव लिहून घ्यायला वही घेतली आणि आडनाव ऐकल्यावर त्यांना आठवलं की त्यांचा भाचा राहायला येणार आहे. हे तिने मला भाजी निवडता निवडता सांगितलं. मी विचारलं, कुठे राहायच्या त्या बाई? तिने सांगितलं. आपल्या घरापासून तिसरी गल्ली. मी पुढे नाव विचारलं नाही.

लुडविग्सहाफेनला आणि नदीपलीकडे मानहाइमला तिने किती घरांना विचारलं असेल कोण जाणे. बहुतेक वेळा घर "नुकतंच गेलेलं" असायचं. तिच्या संस्थेतल्या काट्रिन नावाच्या मैत्रिणीने एकदा अशाच एका नुकत्याच गेलेल्या घराला दहा मिनिटांनी फोन केला. घर गेलेलं नव्हतं. काट्रिनला दुसऱ्या दिवशी दुपारची वेळ मिळाली. त्या वेळेला उत्पला स्वतः गेली, निळी फाइल आणि मोजे घेऊन. दार उघडणाऱ्या म्हाताऱ्या बाई गडबडल्या, पण त्यांनी तिला आत घेतलं, कॉफी दिली, घर दाखवलं, जर्मन किती छान बोलता म्हणाल्या, मुलीचा फोटोही पाहिला. शेवटी म्हणाल्या की त्यांनी दुसऱ्या कोणाची तरी अपेक्षा केली होती. निघताना सफरचंदाच्या केकचा अर्धा तुकडा फॉइलमध्ये बांधून दिला.

तो केक ती आपल्याकडे घेऊन आली. आपण सगळ्यांनी खाल्ला. केक उत्तम होता. बाबा चिडले होते, तक्रार कर म्हणत होते, त्यासाठी कचेऱ्या आहेत म्हणत होते. उत्पला म्हणाली, "आल्झो, तक्रारीत काय लिहू? केक दिला म्हणून?" मलाही कळेना की त्या बाईंवर रागवायचं कसं. आजही कळत नाही.

काट्रिन पुन्हा असा फोन करायला तयार होती. उत्पलाच नको म्हणाली. निहार, तुझ्या प्रश्नाचं माझ्याकडे उत्तर नाही, तिचं सांगते. ती म्हणाली, "आणि घर मिळालंच, तर बेलवर कोणाचं नाव लावू?"

आता हेर लुट्झ, म्हणजे लुट्झसाहेब, आपले घरमालक. तळमजल्यावर राहायचे, निहारला त्यांची पांढरी मिशी आठवत असेल. तरुणपणी अमेरिकनांकडे नोकरी केल्यामुळे इंग्रजी बोलायचे. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत असे हे कळल्यापासून मला "फ्राऊ प्रोफेसर" म्हणू लागले. आठवड्यातून एकदा मला कॉफीला बोलवायचे. सभ्य माणूस होता. ऑगस्टमध्ये आपल्या बागेतल्या पिवळ्या आलुबुखारांची टोपली दारात ठेवून जायचा.

एका शनिवारी जिना झाडायची पाळी आपली होती आणि माझं गुडघ्याचं दुखणं पाहून उत्पलाने झाडू हातात घेतला. मी नको म्हटलं, पण एकदाच म्हटलं. पुढच्या कॉफीला हेर लुट्झनी विचारलं, तुमच्याकडे कामाला येणारी बाई शुक्रवारी माझ्याकडेही येईल का? मला फार राग आला. मी त्यांना सांगितलं की ती रसायनशास्त्राची डॉक्टर आहे आणि तिच्या नावावर पेटंट आहे. ते लाल झाले, माफी मागितली, आणि त्यानंतर तिला जिन्यात बघून टोपी काढू लागले. मी तिची बाजू घेतली होती, हे खरं आहे. पुढचं वाचताना हे विसरू नका, एवढीच विनंती आहे.

हेर लुट्झ एकदा मला म्हणाले की भारतीयांना घर द्यायला त्यांची काही हरकत नसते. शांत, स्वच्छ, शिकलेले लोक. दुसऱ्या काही देशांच्या लोकांना मात्र ते देत नाहीत. मी ते घरी येऊन कौतुकाने सांगितलं. उत्पलाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे आपण चांगले परदेशी. ही पण एक जातच झाली की, काकू." मी म्हटलं, तुम्ही प्रत्येक गोष्टीत तेच बघता. ती जर्मनमध्ये "या, गेनाऊ," म्हणजे "हो, अगदी बरोबर," एवढंच म्हणाली आणि रेवाला झोपाळ्यावर खेळवायला घेऊन गेली.

दुसऱ्या उन्हाळ्यात बाबांना गेर्लिंगेनची नोकरी मिळाली आणि आपलं घर सोडायचं ठरलं. तिकडे अशी पद्धत आहे की जाणारा भाडेकरू मालकाला पुढचा भाडेकरू सुचवतो. हेर लुट्झ म्हणालेच होते, तुमच्यासारखंच कोणीतरी द्या. बाबांनी उत्पलाचं नाव दिलं. दोन खोल्या आणि छोटी अभ्यासिका, समोर शाळा. तिने फाइल आणून दिली. हेर लुट्झनी ती नीट वाचली, दोनदा तिच्याशी बोलले. सगळं ठरल्यासारखंच होतं. त्या शनिवारी तिने फोनवर सम्यकाला आपलं घर दाखवलं, प्रत्येक खिडकीतून काय दिसतं तेसुद्धा. मग फोन माझ्याकडे वळवला, आणि तिकडून ती पोरगी म्हणाली, "आजी, खिडकीजवळचा पलंग माझा."

दोन दिवसांनी हेर लुट्झनी मला कॉफीला बोलावलं. फळांचं बोलणं झालं, पायदुखीचं झालं. मग त्यांनी विचारलं, फ्राऊ प्रोफेसर, तुम्ही या डॉक्टरबाईंना चांगलं ओळखता ना?

मी म्हटलं, "त्यांना ओळखते. त्यांच्या घरच्यांना मात्र ओळखत नाही."

एवढंच. हे इंग्रजीत बोलले, नीट, पूर्ण वाक्यात. आपल्याकडे सोयरिकीचं असो की भाडेकरूचं, कोणी चौकशी केली की घराणं माहीत आहे का हेच आधी सांगायचं असतं. मी जे माहीत होतं ते आणि जे माहीत नव्हतं ते वेगवेगळं सांगितलं. त्यात चूक झाली असं मला त्या क्षणी वाटलंही नाही. हेर लुट्झनी कप बशीत ठेवला आणि "आहा", म्हणजे "असं का", म्हणाले. मग आलुबुखाराच्या मुरंब्यात दालचिनी घालावी की नाही, यावर बोलत राहिले.

त्या आठवड्यात त्यांनी घर जवळच्या श्पायर गावच्या एका तरुण जोडप्याला दिलं.

बाबा म्हणाले, "आई, त्याने आधीच ठरवलं असेल. तुझ्या एका वाक्याने काय होतंय?" केतकी भांडी पुसत होती. ती वळली नाही. म्हणाली, "आई, माळ्यावरच्या घरासाठी ऋजुताबद्दल त्यांनी विचारलं तेव्हा तुम्ही काय सांगितलं होतंत?"

मला आठवत होतं. ऋजुता तिची पुण्याची मैत्रीण. मी तिला जेमतेम दोनदा भेटले होते, तिच्या आईवडिलांना एकदाही नाही. हेर लुट्झना मी सांगितलं होतं की मुलगी अतिशय चांगल्या घरची आहे.

ते मी कशावरून सांगितलं होतं? मी हा प्रश्न स्वतःला अनेकदा विचारला आहे. उत्तर एकच निघतं आणि मला ते आवडत नाही. मग मी म्हणते की तसं नसेलही, ऋजुता केतकीची मैत्रीण म्हणून मी तसं बोलले असेन. पण उत्पलाही केतकीची मैत्रीणच होती. इथे येऊन मी दर वेळी थांबते.

त्या शनिवारी ती येणार नाही असं मला वाटत होतं. ती नेहमीच्या वेळी आली. मी चहा टाकला. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"काकू, हेर लुट्झ जिन्यात भेटले. मी कारण विचारलं, तर म्हणाले, फ्राऊ प्रोफेसर तुमच्या कुटुंबाला ओळखत नाहीत."

"त्यांनी विचारलं, म्हणून मी..."

"तुम्ही खोटं काही बोलला नाहीत," ती म्हणाली. "नाहीच ओळखत तुम्ही." या वेळी ती नाकातून हसली नाही.

मी म्हटलं, मी आत्ता खाली जाते, त्यांना सांगते.

"काय सांगाल?"

मी गॅस बंद केला. तिच्या घरचे चांगले आहेत असं सांगायचं तर ते मला माहीत नव्हतं. आणि विचारणं तर दोन उन्हाळ्यांत मला कधी जमलं नव्हतं. तिची आई काय करते हेसुद्धा मी विचारलेलं नव्हतं.

तेवढ्यात नागपूरचा फोन आला. रोजचा प्रश्न मलाही ऐकू आला. उत्पला म्हणाली, "नाही गं बाळा. दुसरं बघू." एरवी ती फोन माझ्याकडे वळवायची. त्या दिवशी तिने तो कानाला लावला आणि बाल्कनीत गेली. परत आल्यावर चहा प्यायली, कप विसळून ठेवला. तुम्हा दोघांच्या वह्या बघितल्या. नंतरही आपण गेर्लिंगेनला जाईपर्यंत ती दोन शनिवार आली. पुस्तकांची खोकी तिनेच बांधली, प्रत्येकावर काय आहे ते लिहून. रागवली असती तर मला माफी तरी मागता आली असती.

सप्टेंबरअखेर तिने कोणाच्या तरी घरात एक खोली घेतली. भाडेकरार तिच्या नावाचा नव्हता, म्हणजे व्हिसाला उपयोगाचा नव्हता. सम्यकाचं वर्ष नागपूरलाच गेलं. शेवटी घर मिळालं ते मानहाइमच्या एका गृहनिर्माण सहकारी संस्थेत. जर्मनीत आल्या आल्या, पहिल्याच आठवड्यात, तिने तिथल्या यादीत नाव घालून ठेवलं होतं. तीन वर्षांनी तिचा नंबर आला. तिथे कोणी चेहरा पाहिला नाही आणि कोणाला ओळखता का असंही विचारलं नाही. हे मला केतकीने सांगितलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तुम्ही मला जुने शेजारी भेटवायला लुडविग्सहाफेनला नेलंत. परतताना मानहाइमच्या स्टेशनसमोर आपण ट्रामची वाट पाहत होतो आणि रेवा ओरडली. पलीकडच्या फलाटावर उत्पला होती. एका हातात पडदे लावायचा लांब दांडा, दुसऱ्या बाजूला एक मुलगी. फोनवर दिसायची त्याहून बरीच उंच. मी रूळ ओलांडून गेले. तुम्ही दोघं तिला बिलगलात, तिने दांडा रेवाला धरायला दिला. मग मुलीला म्हणाली, "आजींना नमस्कार कर."

मुलगी माझ्या पायांशी वाकणार, तोच उत्पलाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "वाकायचं नाही. नुसते हात जोड."

त्यांच्यात कोणाच्याच पाया पडत नसतील. किंवा ते फक्त माझ्यापुरतं असेल. मी दोन्ही अर्थ लावून पाहिले आहेत. मुलीने हात जोडले, मीही जोडले. मी म्हटलं, "अगं उत्पला, एकदा घर बघायला यायचंय मला." तिने माझ्याकडे जरा पाहिलं आणि म्हणाली, "या ना." त्यांची ट्राम आली. दांडा दारात अडकला, आतल्या एका माणसाने तो धरून आत घेतला, दार लागलं. पत्ता मी विचारला नव्हता आणि तिने दिला नव्हता.

केतकीला दिवाळीत तिचा संदेश येतो, त्यातून मला कळतं. त्या दोघी अजून तिथेच राहतात. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, दोन खोल्यांचं, करार उत्पलाच्या नावाचा. मी ते पाहिलेलं नाही.

तुमची,
आजी